साहेब येईपर्यंत दोन गाणी घ्या

हे वाक्य मी गेल्या बारा वर्षांत इतक्या मंडपांत ऐकलंय की आता आयोजक तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. मी मुंबईत एका छोट्या गटात ढोलकी वाजवतो. गाणारी ताई, हलगीवाला, मागून साथीला गाणारे दोन झीलकरी, मी, आणि तीन वर्षांपासून आमच्यात आलेला एक पोरगा, जो रॅप करतो. पक्ष नाही, कंपनी नाही, पाठीशी कोणी नाही. वस्तीतल्या घरांचे प्रश्न, सफाई कामगारांचे संप, जयंतीचे कार्यक्रम, जिथं बोलावतील तिथं लोकलनं जातो.

मागच्या पावसाळ्यात घरांच्या प्रश्नावर एक सभा होती. आम्हाला 4 वाजता बोलावलं. हवेतल्या ओलाव्यानं हलगीचं कातडं पार उतरलं होतं, थाप मारली तर पुठ्ठ्यासारखा आवाज. हलगीवाल्यानं मंडपामागं रद्दी पेटवली आणि हलगी फिरवत फिरवत शेकली. मंडपवाला ओरडला, पण ती बोलायला लागेपर्यंत हा काही उठला नाही. पाहुणे 7 वाजता आले.

त्या दिवशी पोराचं नवं गाणं होतं. त्याची आजी पुनर्वसनाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. लिफ्ट सहा महिने बंद. पहिल्या कडव्यात ती भाजी घेऊन जिना चढते, दुसऱ्यात सातव्या मजल्यावर दम लागून पायरीवर बसते. तिसरं सुरू होणार तेवढ्यात चिठ्ठी आली, माईक काढून घेतला आणि हारतुरे सुरू झाले. मग पन्नास मिनिटं घरांच्या प्रश्नावर भाषण. त्यात लिफ्टचा शब्द नव्हता.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा पुढच्या रांगेत बसलेली एक मावशी आली आणि पोराला म्हणाली, "त्या म्हातारीचं पुढं काय झालं रे?"

त्यानं तिथंच, माईकशिवाय, तिसरं कडवं म्हणून दाखवलं. हलगीवाल्यानं बोटांनी ठेका धरला. बघता बघता दहा-बारा बायका जमल्या. कडवं संपल्यावर त्या आपसात बोलायला लागल्या: आमच्या विंगमधली कधीपासून बंद आहे, मेंटेनन्सचे पैसे कोण खातं, अर्ज कुणाकडं द्यायचा. मंचावर तीन तासांत जे झालं नाही ते त्या दहा मिनिटांत झालं. माझ्या लेखी त्या दिवशीची सभा ती होती.

म्हणून आज लिहितोय. चळवळीतल्या माझ्या मित्रांनो, तुम्ही गाणं वापरता, पण त्याला काम मानत नाही. बाबासाहेबांच्या नावानं सांगितलं जातं की त्यांच्या दहा भाषणांची बरोबरी शाहिराचं एक गाणं करतं. हा दाखला मी किमान पन्नास भाषणांत ऐकलाय, आणि त्यातली बरीचशी भाषणं आमचं गाणं अर्ध्यात थांबवून सुरू झालेली होती.

या शहराला तरी हे सांगावं लागू नये. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या छक्कडीतली, म्हणजे लावणीच्या वळणाच्या शाहिरी गाण्यातली, गावाकडं राहिलेली मैना ही गिरणी कामगाराची बायकोही होती आणि तोडलेला बेळगाव-कारवारचा मुलूखही. कामगाराला राज्यपुनर्रचना समजावून सांगायला एवढं पुरेसं होतं, कारण त्याची बायको खरोखरच गावी होती. अण्णाभाऊ 1969 मध्ये गेले ते हलाखीत. पुतळे नंतर उभे राहिले.

विलास घोगरे हे नाव नव्या पोरांना सांगावं लागतं. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण गेले. वस्त्यावस्त्यांत गाणारा हा शाहीर ते पाहून आला आणि चार दिवसांनी त्यानं आपलं आयुष्य संपवलं. त्याच्या आठवणीत आम्ही गातो. पण गाणारा माणूस जे बघतो ते कुठं ठेवतो, हे आपण आपल्या गाणाऱ्यांना कधी विचारलंय का? मी स्वतः आमच्या पोराला विचारलं नव्हतं. आता विचारतो.

रॅपला नाकं मुरडणारे जुने कार्यकर्ते भेटतात. त्यांना मी गोरेगावच्या आरे जंगलाचं उदाहरण देतो. 2019 मध्ये 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप गटातल्या पोरांनी आरेतल्या वारली आदिवासींवर गाणं केलं, आणि त्यात केलटी पाड्याच्या प्रकाश भोईरांना पाहुणे म्हणून नाही, गायक म्हणून घेतलं. गाण्यानं झाडं वाचली असं मी म्हणत नाही. 4 ऑक्टोबरच्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी कापणी सुरू झाली आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. पण आरे म्हणजे सहलीची जागा असं समजणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी मुंबईकरांना तिथं पाडे आहेत, माणसं आहेत, त्यांची गाणी आहेत हे त्या आवाजातून कळलं. डफ गेला, बीट आलं. काम तेच आहे.

आता पैशाचं. "चळवळीचं काम आहे, मानधन कसलं?" असं म्हणणारे मंडपवाल्याचे, साऊंडवाल्याचे, फ्लेक्सवाल्याचे पैसे वेळेवर देतात. आम्हाला कधी 500 रुपयांचं पाकीट, कधी तेही नाही. मग आम्ही हळदीच्या ऑर्डरी घेतो, आणि तिथला व्हिडिओ बघून कोणीतरी म्हणतं, हे विकले गेले. नाही हो. त्या हळदीतून ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदललं जातं, आणि तीच ढोलकी तुमच्या मोर्चात वाजते. ताई सकाळी दोन घरी स्वयंपाक करून येते. तिचा खाडा कोण भरून देतं?

आणि जोखीम? 2002 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कबीर कला मंचातल्या कलावंतांनी वर्षानुवर्षं तुरुंग पाहिला. त्यांच्यातले सचिन माळी 2013 पासून आत होते, सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळायला जानेवारी 2017 उजाडला. 2023 च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे या रॅपरवर राजकीय गाण्यासाठी गुन्हा दाखल झाला. एका परवानगीसाठी आम्हाला गाण्यांचे शब्द आधी लिहून द्यायला सांगितलं होतं. पोरगा अर्धं गाणं समोरची माणसं बघून तिथंच जुळवतो, ते आदल्या आठवड्यात कुठून लिहून देणार? अशा वेळी आयोजक म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." शब्द आमचे, मान्य. पण मंच तुमचा होता ना?

मला फार काही नको. मानधन आधी ठरवा, कमी असलं तरी चालेल. पत्रिकेत आमचं नाव आणि वेळ छापा. रात्री 10 ला लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो, तर भाषण पंधरा मिनिटांनी कमी करा, गाणं नको. आणि उद्या पोलीस ठाण्यातून फोन आला तर कोणत्या वकिलाला बोलवायचं, हे कार्यक्रमाआधी सांगा.

त्या मावशीनं नंतर फोन केला होता. तिनं स्वतःच्या इमारतीतल्या पायऱ्या मोजल्या, चौदाव्या मजल्यापर्यंत 252. तो आकडा आता गाण्याच्या चौथ्या कडव्यात आहे. येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता त्यांच्याच इमारतीच्या आवारात कार्यक्रम आहे. बायकांनी घरटी वर्गणी काढून आमचं मानधन आगाऊ दिलंय. प्रमुख पाहुणे कोणी नाहीत. गाणं पूर्ण होईल. यायचं असेल तर इनबॉक्समध्ये विचारा, पत्ता देतो. लिफ्ट अजून बंद आहे.