रंग गेला, वहिनी

आज एसटी स्टँडवर 'टीबीमुक्त ग्रामपंचायत'चा भलामोठा फ्लेक्स दिसला. हारतुरे, हसरे चेहरे. डोकंच फिरलं माझं.

मार्च 2024. धाकटे भाऊजी, टीबी झालेला, वजन 46 किलो, रोज उपाशीपोटी तीन गोळ्या. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी लालसर-केशरी होते. पहिल्या दिवशी घाबरले होते, पुढे तीच त्यांची खूण झाली, की औषध लागू पडतंय. मग एका शनिवारी गोळ्या संपल्या. आरोग्य केंद्रावर "स्टॉक नाही, सोमवारी या." सोमवारी "गुरुवारी बघा." मंगळवारी सकाळी मोरीतून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "रंग गेला, वहिनी."

सहा मेडिकल पालथी घातली मी. चार औषधं एकत्र असलेली ती गोळी एकाकडेही नाही. सरकार फुकट देतं म्हटल्यावर दुकानदार ठेवेल कशाला?

आणि ही औषधं म्हणे अत्यावश्यक! 2022 च्या राष्ट्रीय यादीत 384 औषधं आहेत, त्यात हीसुद्धा. यादीत नाव आलं की सरकार कमाल किंमत बांधतं. साठा ठेवायची सक्ती मात्र ती यादी कुणावर करत नाही. किंमत बांधलीत हो, गोळी कुठाय? खरेदी केंद्र सरकारची, तीच अडकली. 18 मार्चला दिल्लीहून राज्यांना पत्र: तीन महिन्यांपुरतं तुम्हीच घ्या, नाही जमलं तर पेशंटने विकत घ्यावं, पैसे नंतर मिळतील. खोकून खोकून ज्याची मजुरी बुडाली, त्याने आधी खिशातून घालायचे! आणि उद्या जंतू औषधाला दाद देईनासा झाला की त्यालाच दरडावायचं, "डोस का चुकवलास?"

बरं, सगळंच वाईट नाही, मान्य. टीबीच्या पेशंटला सरकारकडून मिळणारे पोषणाचे महिना 500 चे पुढे 1000 झाले. मार्च 2023 मध्ये बेडाक्विलिनच्या, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवरच्या गोळीच्या, पेटंटची वाढीव मुदत आपल्याच पेटंट कार्यालयाने कंपनीला नाकारली. पण तिथेही भांडायला कोण उभं राहिलं? मुंबईची नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. टीबीच्या औषधांपायी ऐकू येणं गमावलेल्या दोघी.

भाऊजींना अकराव्या दिवशी गोळ्या मिळाल्या. तेव्हा मोरीतून ओरडले होते, "आला गं रंग!" सगळं घर हसलं, सासूबाई तेवढ्या रडल्या. कोर्स पूर्ण झाला, आता बरे आहेत. रिकाम्या स्ट्रिप्स मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत, टाकू देत नाहीत.

मघाशी फ्लेक्सचा फोटो पाठवला त्यांना. नुसता अंगठा आला.