शिक्षक घडवा, पण शिकणाऱ्यापासून जपून

अभिनंदन! इंग्रजी आणि परकीय भाषांचे शिक्षक घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम अखेर तुमच्या गळ्यात पडला. घाबरू नका. भाषा शिकवणं अवघड, ती शिकवायला शिकवणं त्याहून अवघड, पण तसं शिकवल्याची कागदपत्रं तयार करणं कुणालाही जमतं. एकच पथ्य पाळा. पदवी हातात पडेपर्यंत तुमच्या उमेदवाराची आणि भाषा शिकणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसाची गाठ पडता कामा नये.

पहिलं सत्र पद्धतींच्या इतिहासाला देऊन टाका. इथे माल भरपूर आहे. व्याकरण-भाषांतर पद्धत झाली, मग वाक्यांचे साचे घोकून घेणारी ऑडिओ-लिंग्वल आली. १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं, भाषा सवयीनं येते असं मानणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पुस्तकाची चिरफाड केली आणि त्या घोकंपट्टीच्या पायाखालची जमीन सरकली. मग जेम्स अ‍ॅशर आले, ‘उठा, बसा, दार उघडा’ अशा हुकमांनी भाषा शिकवणारे. बल्गेरियाचे मानसोपचारतज्ज्ञ लोझानोव्ह यांनी आरामखुर्च्या आणि बरोक संगीत आणलं. गातेन्यो यांनी रंगीत कांड्या पुढे ठेवल्या आणि शिक्षकाला जवळजवळ गप्पच बसवलं. त्यांच्या ‘सायलेंट वे’वर तुम्ही दीड तास अखंड बोला. मध्येच कुणी हात वर केला तर ‘प्रश्न शेवटी’ म्हणा, आणि शेवट येऊ देऊ नका.

संवादी अध्यापन शिकवायला असं सभागृह निवडा जिथल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत. गटात चर्चा केल्यानं भाषा येते हा मुद्दा वीस स्लाइडवर मांडा आणि उमेदवारांना तो मुकाट्यानं उतरवून घेऊ द्या. क्रॅशनबाईंचं... माफ करा, भाषा कशी आत्मसात होते याचा अभ्यास करणारे क्रॅशन हे गृहस्थ आहेत, पण परीक्षेत त्यांचं लिंग विचारत नाहीत, गृहीतक विचारतात. तर त्यांचं म्हणणं असं, की शिकणाऱ्याला त्याच्या पातळीच्या जेमतेम एक पायरी वरचं, पण समजेल असं काही ऐकायला-वाचायला द्यावं. हे समजावण्यासाठी उमेदवारांना सतरा पायऱ्या वरचा चाळीस पानी शोधनिबंध द्या. उद्यापर्यंत.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात सांगा, की सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते; का नसते, हे भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी १९९० सालीच मांडलं आणि १९९४ साली त्याच क्षेत्रातले कुमारवडिवेलू ‘पद्धतीपलीकडच्या’ काळाबद्दल लिहून मोकळे झाले. मग लगेच प्रश्नपत्रिका वाटा: ‘कोणत्याही चार पद्धतींची वैशिष्ट्ये व मर्यादा लिहा.’

डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाला मात्र ओझरता स्पर्श करा. १९७५ साली त्यानं एक अडचणीची गोष्ट लिहून ठेवली: माणूस विद्यार्थी म्हणून हजारो तास बाकावर बसून शिक्षकांना न्याहाळतो आणि पुढे स्वतः शिक्षक झाला, की तसंच शिकवू लागतो. प्रशिक्षणापेक्षा बाकावरची ही उमेदवारी भारी पडते. हे फार खोलात जाऊन सांगितलंत तर एखादा चुणचुणीत उमेदवार वर बघेल, मग तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या बासष्टाव्या स्लाइडकडे.

आता सराव पाठ. हा काट्याचा विषय आहे, पण सूक्ष्म-अध्यापनाची सोय आहेच. दहा मिनिटांचा पाठ, आणि विद्यार्थी कोण? तर बाकीचे उमेदवार. अस्खलित इंग्रजी बोलणारी बारा माणसं नवशिक्यांचं सोंग घेऊन बसतात. ती चुकतातही छान, कारण चुकांवरचा पेपर नुकताच झालेला असतो; पाठ्यपुस्तकातल्या चुका पाठ्यपुस्तकातल्या क्रमानं येतात. खरा नवशिका एवढा सभ्य नसतो. तो गप्प बसतो. किंवा भलत्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देतो. किंवा ‘समजलं का?’ला मान डोलावतो आणि वहीत काहीच लिहीत नाही. त्या मान डोलावण्याचा अर्थ कसा लावायचा हे शिकायला वर्षं जातात, म्हणून ते अभ्यासक्रमात घेऊ नका.

कुणी म्हणेल, इंग्रजी शिकवण्यासाठीच्या केंब्रिजच्या सेल्टासारख्या साध्या प्रमाणपत्रालाही खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं, आणि तो अभ्यासक्रम जेमतेम १२० तासांचा, चार आठवड्यांतही उरकणारा. त्यांना सांगा, ते कारागिरांसाठी आहे. आपण विद्वान तयार करतो.

पाठ टाचण मात्र कडक हवं. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, साहित्य, मिनिटांचा हिशेब, अपेक्षित प्रतिसाद. निरीक्षकानं मागच्या बाकावर बसून चौकटीत खुणा कराव्यात. वर्गात अचानक कुणाला एखादी गोष्ट खरोखर कळली आणि त्यामुळे पाच मिनिटं जास्त गेली, तर ‘वेळेचे नियोजन: सुधारणेस वाव’.

परकीय भाषांच्या विभागात तर तुमचं काम आणखी सोपं आहे. तिथे शिक्षक घडवावेच लागत नाहीत, नेमले की झाले. सतराव्या शतकातल्या शोकनाट्यावर पीएचडी करायला एक मुलगी येते. तिला विद्यावेतन हवं असतं, तुम्हाला पहिल्या वर्षाचा वर्ग सांभाळायला कुणीतरी हवं असतं. सत्र सुरू होण्याआधी तीन दिवसांची कार्यशाळा घ्या: एक दिवस ओळखीचा, एक झेरॉक्स मशीनचा, एक हजेरीपत्रकाचा. चौथ्या दिवशी तिला वर्गात सोडा. ज्याला शिकवायला सगळ्यात जास्त कसब लागतं तो नवशिका सगळ्यात नवशिक्या शिक्षकाकडे, आणि ज्यांना आता कोणीही शिकवलं तरी चालेल ते चार पुढे गेलेले विद्यार्थी ज्येष्ठ प्राध्यापकांकडे. खाली भाषा, वर साहित्य. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या समितीनं २००७ साली या दुमजली घरावर बोट ठेवलं होतं. तुम्ही त्या अहवालाचा उल्लेख प्रास्ताविकात आदरपूर्वक करा. जिना बांधू नका.

मातृभाषकांचा, म्हणजे शिकवायची भाषा ज्यांची मातृभाषाच आहे त्यांचा, प्रश्न निघेलच. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे भरलेल्या परिषदेनं इंग्रजीचा आदर्श शिक्षक मातृभाषकच मानला. १९९२ साली भाषाशास्त्रज्ञ फिलिप्सन यांनी त्याला तर्कदोष ठरवलं. या अन्यायावर घणाघाती प्रबंध लिहून घ्या, अव्वल श्रेणी द्या, आणि त्याच आठवड्यात विभागाच्या रिक्त जागेची जाहिरात काढा: ‘मातृभाषकांना प्राधान्य’.

दोन वर्षं अशी सुखात जातील. मग तुमची पदवीधर पहिल्यांदा जर्मनच्या खऱ्या वर्गात उभी राहील, आणि शेवटच्या बाकावरचा एक जण विचारेल, ‘मॅडम, चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, असं का?’ (आपण मराठी माणसांनी हसू नये. तो चमचा, ती सुरी आणि ते ताट आपल्याच तोंडचं आहे, आणि आपल्याला कुणी ‘का’ विचारलं तर आपणही छताकडे बघू.) तिला फॉसिलायझेशन (चुका कायमच्या घट्ट बसणं) माहीत आहे, इंटरलँग्वेज (शिकणाऱ्याची अर्धीमुर्धी, मधली भाषा) हा शब्द भाषाशास्त्रज्ञ सेलिंकरनं १९७२ च्या लेखात मांडला हेही माहीत आहे. ‘का हे मलाही सांगता येणार नाही, पण लक्षात कसं ठेवायचं ते बघू’ एवढं साधं वाक्य मात्र तिला कुठल्याच पेपरात भेटलेलं नाही.

ती तो प्रश्न वहीत टिपून घेईल. ‘संशोधनास वाव’ असं पुढे लिहील. वर्षभरात पीएचडीचा अर्ज तुमच्या टेबलावर येईल.

घ्या तिला. पद्धतींच्या इतिहासाचा पेपर शिकवायला तसंही कुणी नाही.