फेकून दिलेली पुडी

आमच्या चोपडा तालुक्यात पूर्वी बीटी कपाशीच्या, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीच्या, 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी येत असे. ती शेताच्या कडेने लावावी, अशी सूचना असे. वडील ती बांधावर भिरकावून देत आणि पुढे मीही तेच केले, कारण अळीला चरायला म्हणून मुद्दाम कपाशी लावायची, हे आम्हाला पटत नव्हते. खरे तर त्या कडेच्या ओळींवर विषाला बळी पडणारे पतंग जगावेत, त्यांचा विष पचवणाऱ्या पतंगांशी संकर व्हावा आणि पुढची पिढी बीटीपुढे पुन्हा दुबळी निघावी, असा तो हिशेब होता. 2002 मध्ये एका जनुकाची, 2006 मध्ये दोन जनुकांची कपाशी आली. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने दोन्ही पचवून महाराष्ट्रभर बोंडे पोखरली.

तेव्हापासून जैवतंत्रज्ञानाची नवी बातमी वाचली की मी त्यात ती पुडी शोधतो. समोरचा जीवही बदलणार, हे संशोधकांनी धरले आहे का?

कर्करोगाचेच पाहा. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या नेक्सकार19 या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, त्यांना सीडी19 ही खूण ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. ही खूण असलेल्या रक्ताच्या कर्करोगपेशी त्या मारतात. काही रुग्णांत मात्र कर्करोगपेशी ती खूणच टाकून देतात आणि आजार उलटतो. म्हणून दोन खुणा ओळखणाऱ्या पेशींवर प्रयोग चालू आहेत. दोन जनुकांची कपाशी आठवल्याशिवाय मला हे वाचता येत नाही.

केळीची गोष्ट याहून अवघड आहे. रावेर-यावलच्या बागांतली टिश्यूकल्चरची ग्रँड नैन म्हणजे एकाच झाडाच्या असंख्य प्रती. एकीला जे बाधेल ते सगळ्यांना बाधेल. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी 2024 मध्ये रानकेळीतले जनुक घातलेल्या क्यूसीएव्ही-4 या वाणाला परवानगी दिली. हे वाण मातीतल्या पनामा मर रोगाच्या टीआर4 या बुरशीला तोंड देते. काम मोलाचे आहे, पण तीही एकाच जनुकावरची तटबंदी आहे, आणि आमच्याकडे मावा ही कीड पसरवते त्या सीएमव्ही या विषाणूवर तिचा काही उपयोग नाही.

जिवाणूंचे हेच बदलणे कधी आपल्या कामीही येते. जपानमधल्या साकाई येथे बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ 2016 मध्ये पीईटी प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडल्याचे जाहीर झाले. बांधावर पडलेल्या ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग पेपर तो खाईल, अशी आशा कोणी धरू नये. ते पॉलिथिन असते आणि त्याच्या विकराला (एन्झाइमला) तोडता येईल असा एस्टर बंध त्यात नसतो.

पानांवर फवारायच्या नॅनो युरियाची एक बाटली युरियाच्या एका गोणीची जागा घेईल, असे सांगितले गेले. तिथे तर साधे गणित पुरते. सुरुवातीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 4 टक्के, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम नत्र होते. 45 किलोच्या गोणीत ते 20 किलोंच्या वर असते. कण कितीही बारीक केले तरी पिकाची भूक बारीक होत नाही.

आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून येते, त्यामुळे पुडी फेकण्याची सोय राहिलेली नाही. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता राखलेली कपाशी, मात्र आमच्या शिवारात जानेवारीनंतरही उभी असते, आणि तिच्या बोंडांत अळीचा मुक्काम.