गेटवरचं पुस्तक

आज ऑफिसातून आलो तो अजून जेवलो नाही. आई दोनदा ताट वाढू का म्हणून विचारून गेली. आधी हे लिहितो, नाहीतर रात्रभर झोप लागणार नाही.

आमच्या ऑफिसच्या गेटवर एक पोरगा सिक्युरिटीला आहे. तेविसेक वर्षांचा असेल. तिकडे चिमूरकडचा, इथे नागपुरात चार पोरांसोबत खोली करून राहतो. पहाटे मैदानावर पळतो, मग बारा तास गेटवर. पोलीस भरती दोनदा हुकली, आता तिसऱ्यांदा फॉर्म भरलाय. त्याच्या खुर्चीखाली एक पुस्तक कायम असतं. जिद्दीनं पुढे गेलेल्या माणसांच्या गोष्टींचं. मुखपृष्ठावर डोंगर आणि उगवता सूर्य. बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळतात तसलं.

दुपारी आम्ही पाच जण तर्री-पोहे खाऊन परत येत होतो. आमच्यातल्या एकानं ते पुस्तक उचललं, मधलंच एक पान काढलं आणि नाटकातल्यासारखा आवाज काढून मोठ्यानं वाचायला लागला. बाकीचे हसले. वरून म्हणतो, "असली पुस्तकं वाचून कोणी साहेब झाला असता तर छापणारा आधी झाला असता ना बे!" परत हशा. तो पोरगा टोपी हातात घेऊन उभा होता. तोही हसला. हसावंच लागलं त्याला.

मी हसलो नाही. पण एक शब्द बोललोही नाही. तेच दुपारपासून खातंय मला.

कारण माझे बाबाही चौकीदार होते.

गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. बाबा लूमवर होते, हाताला दुसरं काम माहीत नाही. चार महिने खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई विड्या वळायची. शेवटी इतवारीतल्या एका किराणा गोदामावर रात्रीची चौकीदारी मिळाली. शिक्षण चौथी. पण त्यांच्याजवळ एक रजिस्टर होतं, लांबट, तपकिरी पुठ्ठ्याचं. त्यात कात्रणं. दर रविवारी शेजाऱ्यांकडचे आठवडाभराचे पेपर आणायचे, कात्रीनं कापायचे, वाटीत मैद्याची खळ करायचे आणि बोटानं चिकटवायचे. त्या खळीचा आंबूस वास आजही त्या पानांना आहे. सगळी कात्रणं एकाच जातीची. पडला, उठला, परत लागला कामाला.

रात्री मी सायकलवर त्यांचा डबा घेऊन जायचो. गोदामाच्या दारावरच्या बल्बखाली स्टुलावर बसून ते वाचायचे, ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर उचलून घेतल्यासारखं. सगळ्यात आवडतं कात्रण खाशाबा जाधवांचं. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले, त्या सुमाराला छापून आलेलं. कराडजवळच्या गोळेश्वरचा पोरगा, १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. पुढच्या वेळी जायला पैसे नाहीत, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी परतला तर मिरवणुकीला १५१ बैलगाड्या! बाबा बैलगाड्यांपाशी आले की थांबायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मला पाठ होतं, तरी दर वेळी मी "मग?" म्हणायचो.

एका रात्री कासवछाप अगरबत्तीचा निखारा त्या पानावर पडला. मसुरीच्या डाळीएवढं भोक, बरोबर 'हेलसिंकी'तल्या 'सिं'वर. बाबा तीन दिवस नीट जेवले नाहीत. त्यानंतर वाचताना त्या भोकापाशी आले की 'सिं' जरा जोरात म्हणायचे.

आता मला सांगा, हा माणूस 'असली पुस्तकं' वाचून काय झाला? काही नाही झाला. चौकीदारच राहिला. पण चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस नंतर बारा वर्षं एकही रात्र न बुडवता कामावर गेला. आम्ही दोघं भावंडं शिकलो. याला काय म्हणायचं मग? बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला माझे दोन विषय राहिले. मी म्हणालो, सोडतो, दुकानात लागतो. बाबांनी ना शिवी दिली ना समजावलं. रजिस्टर काढलं, ते पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "लंडनले सहावा आलता तो." एवढंच. पुढचं मला माहीतच होतं.

आणि हसतं कोण? ज्याला पुस्तकाच्या आधाराची कधी गरजच पडली नाही तो! बापाचं घर, बापाची ओळख, फी भरायची चिंता नाही. अरे, तुला पहाटे साडेचारला उठवायला घरात चार माणसं होती. त्या पोराला कोण उठवणार? खोलीतली बाकीची पोरं घोरत असतात, गावी बापाचा कापूस पावसानं गेलेला, अशा वेळी आदल्या रात्री वाचलेली एखादी गोष्टच त्याला अंथरुणातून ओढून काढते. तुझ्या लेखी ती भिकार असेल. भाषा ठोकळ असेल, असू दे. तो काही तुझ्यासारखा शैली बघायला बसलेला नाही.

हो, प्रेरणेच्या नावावर दुकान मांडून बसलेले लोक आहेत, मान्य. आणि तितकंच राबूनही जे पोचले नाहीत त्यांचं कात्रण कोणी छापत नाही, हेही मान्य. खाशाबांनाच बघा ना, जिवंतपणी अर्जुन पुरस्कारसुद्धा मिळाला नाही. पण म्हणून ती गोष्ट खोटी पडत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. खापरखेड्याचा उमेश यादव. वडील वलनीच्या कोळसा खाणीत. पोरानं पोलिसात लागावं म्हणून भरतीला गेला, नाही जमलं. २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळला, विदर्भातून तिथवर पोचलेला पहिला खेळाडू. आज दुपारी हसलेले हेच सगळे जामठ्याच्या स्टेडियमला तिकीट काढून त्याच्या नावानं ओरडून आलेत. मग तो खाणीतल्या माणसाचा पोरगा मैदानावर दिसला की आपला, आणि त्याची गोष्ट गेटवरच्या पोराच्या हातात दिसली की टिंगल?

आणि नागपूरच्या माणसानं तरी पुस्तकाला हसू नये राव. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. एका शिक्षकानं एका हुशार पोराच्या हातात ठेवलेलं पुस्तक. त्यानंतर ४९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपल्याच या शहरात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. सगळं त्या एका पुस्तकानं झालं असं मी म्हणत नाही. पण दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन बघा. कुठून कुठून लोक येतात, डोक्यावर बोचकं, पायात धड चप्पल नाही, आणि जाताना पिशवीत पुस्तकं असतात. मी एका म्हाताऱ्या बाईला पाहिलंय. तिला वाचता येत नव्हतं, नातवासाठी घेत होती. दुकानदाराला म्हणाली, "मोठ्या अक्षराचं दे जी, थो वाचून दाखवते मले." मला तिथे उभ्या उभ्या बाबांचं ओळीखालचं बोट आठवलं.

हे लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. ज्यानं ते पान वाचलं तो माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी मेडिकल हॉस्पिटलला रात्रभर माझ्यासोबत बसला होता. त्यानं ही पोस्ट वाचली तर त्याला कळेल आपल्याबद्दल आहे, कळू दे. उद्या चहाला भेटू तेव्हा तोंडावरही बोलणार आहे. दुपारीच बोलायला पाहिजे होतं.

संध्याकाळी निघताना मी मुद्दाम गेटवर थांबलो. पुस्तक खुर्चीखालीच होतं. पण त्याला पेपरचं कव्हर घातलेलं होतं. चारी कोपरे नीट दुमडून, सेलोटेप लावून. डोंगर नाही, सूर्य नाही, पुस्तकाचं नावही नाही. दुपारी अडीच ते संध्याकाळी सहा, एवढ्या वेळात त्यानं ते केलं होतं.

मी विचारलं, "हे काय रे?"

"पान निघून राह्यलं होतं जी, म्हणून लावलं," म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

काय बोलावं सुचेना. मग एकदम तोंडून निघालं, "खाशाबा जाधव माहीत आहे का तुला? १९५५ ला पोलिसात फौजदार झाले ते."

त्यानं मान वर केली. "ऑलिम्पिकवाले? पोलिसात होते?"

"हाव. असिस्टंट कमिशनर होऊन रिटायर झाले."

"या पुस्तकात नाही जी ते." त्यानं पुस्तक उचलून अनुक्रमणिका काढली, त्यावरून बोट खाली नेत गेला. "नाहीच आहे. कोणत्या पुस्तकात आहे, सर?"

आईनं आता तिसऱ्यांदा हाक मारली. रजिस्टर कपाटातून काढून इथे शेजारी ठेवलंय, कसरीनं कडा खाल्ल्यात, पण ते पान शाबूत आहे. उद्या सकाळी चौकातून झेरॉक्स काढून त्याला देतो. भोकाच्या जागी काळा ठिपका येईल, तिथे बाजूला पेनानं 'सिं' लिहितो.