हार्टसाठी व्हिटॅमिन? आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी हार्ट अटॅक टळत नाही. तरी दादर असो की बोरिवली, मेडिकलच्या काउंटरवर "हार्टसाठी एखादी व्हिटॅमिन ई द्या" अशी मागणी होत असते, आणि चिठ्ठीशिवाय गोळी मिळतेही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिटॅमिन ईचा बोलबाला उगाच झाला नव्हता. एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडेशन झालं की ते धमनीच्या भिंतीत साठून त्रास देतं. ई अँटिऑक्सिडंट, तेव्हा ती हे रोखेल असा हिशेब होता. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत ई घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. पण स्वतःहून व्हिटॅमिन घेणारी माणसं एरवीही तब्येतीला जपतात. श्रेय गोळीचं की सवयींचं, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी द्यावी लागते. 'होप' चाचणीत तेच केलं. साडेनऊ हजार रुग्ण, रोज ४०० युनिट, साडेचार वर्षं. २००० साली निकाल आला: फायदा शून्य. पुढे त्यातल्याच रुग्णांवर लक्ष ठेवलं, तेव्हा ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त आढळलं.

डी व्हिटॅमिनचंही तेच. 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोक होते, रोज २००० युनिट. अटॅक कमी झाले नाहीत.

फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टात होमोसिस्टीन (रक्तातला एक घटक, वाढला की हृदयविकाराशी जोडला जातो) वाढलेलं दिसलं की लोक फॉलिक ॲसिड, बी६, बी१२ सुरू करतात. गोळ्यांनी आकडा खरंच उतरतो. पण २००६ च्या 'होप-२' मध्ये आकडा उतरूनही अटॅक कमी झाले नाहीत. पक्षाघातात तेवढा थोडा फरक दिसला. रिपोर्ट सुधारला म्हणजे धमनी सुधारली, असं नव्हे.

कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. शाकाहारी किंवा बरीच वर्षं डायबिटीसची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी१२ तपासावं आणि कमी असेल तर जरूर घ्यावं, पण ते नसांसाठी आणि रक्तासाठी. डीचं ६०,००० युनिटचं सॅशे बहुधा आठवड्यातून एकदाच, ठरावीक आठवडेच असतं. ते रोजचं समजून घेत राहिलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, आणि शेवटी किडनीला इजा.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती व्हिटॅमिन सुरू करून बीपीची किंवा कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करणाऱ्यांची. अटॅक टाळायला ज्यांचा उपयोग सिद्ध झालाय, तीच औषधं सुटतात. कृपा करून असं करू नका.

आणि केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. दिवसाची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम. बाजारातल्या बऱ्याच गोळ्या १० मिलिग्रॅमच्या, म्हणजे किमान २५० पट. अटॅक ओळखायला रक्तातलं ट्रोपोनिन हे प्रथिन मोजतात. हे जादा बायोटिन ट्रोपोनिनच्या काही तपासण्यांमध्ये गडबड करतं. अटॅक आलेला असतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता. छातीत दुखून कॅज्युअल्टीत जायची वेळ आली, तर रोजच्या औषधांबरोबर "बायोटिन घेतो" हेही आपणहून सांगा आणि जमलं तर स्ट्रिपच दाखवा, कारण केसांची गोळी कुणी औषधात धरत नाही आणि डॉक्टरांनी विचारलं तरी ती सांगायची राहून जाते.