समेची वाट बघत बसलेले काका

स्विस पियानिस्ट इरेन श्वाइत्सरच्या पियानो-ड्रम्स रेकॉर्डिंगवरचा एक लेख वाचला. त्यात त्यांना ‘पाश्चात्त्य जुगलबंदी’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. जुगलबंदीत राग ठरलेला, ताल ठरलेला. भांडण कितीही रंगलं तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गळाभेट. इथे आधी काहीच ठरलेलं नसतं. इरेनने १९८६ ते १९९५ दरम्यान लुई मोहोलो, ग्युंटर सोमर, अँड्र्यू सिरिल, पिएर फाव्र आणि हान बेनिंक अशा पाच ड्रमरांबरोबर एकेक रेकॉर्ड केली. ती स्वतः ड्रम्सही वाजवायची, हे लेखात यायला हवं होतं. तिचा डावा हात ऐका, कळेल.

पंचवटीतल्या आमच्या काकांना (चाळीस वर्षं तबला) बेनिंकबरोबरची ऐकवली. खिडकी लावून, कारण बाहेर ढोलाचा सराव जोरात. काका सवयीने मांडीवर मात्रा मोजायला लागले. पाचेक मिनिटांत बोटं थांबली. ‘‘सम कुठंय रे हिची?’’ मग डोळे मिटून बसले आणि एकदम हसले, ‘‘फसवलं की रे हिने त्याला!’’

पियानिस्ट सेसिल टेलर आणि ड्रमर मॅक्स रोचची १९७९ची न्यूयॉर्कची मैफल मात्र अर्ध्यात बंद करायला लावली. डोकं उठलं म्हणे.