तो चाळीसचा आकडा माणसाचा आहे, मामा

परवा आर्वीहून मामांचा फोन आला. "कपिलेचं लिव्हर गेलं म्हणते रे लॅबवाला. विकून टाकतो तिले." तीन वेतांची गवळाऊ जातीची गाय! दूध घटलं म्हणून मामांनी तिचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये दिलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज वाचून: 'रक्त ते रक्त. मशीन तेच, रिपोर्ट तोच, जनावरांची वेगळी लॅब म्हणजे लूट. सकाळचं रक्त संध्याकाळी दिलं तरी चालते.' मी रोज जनावरांचंच रक्त तपासतो, त्यामुळे हे वाचून डोकं फिरलं.

'मशीन तेच' हे अर्धं खरं, मानावं लागते. सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर, म्हणजे लॅबमधलं हे मशीन, रिएजंट (तपासणीचं रसायन) मिसळल्यावर रंग किती बदलला ते मोजतो. आमच्याकडेही तसाच आहे.

पण 'रिपोर्ट तोच'? मामांनी रिपोर्टचा फोटो पाठवला. एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ते एक एन्झाइम) 92, पुढे ठळक 'एच', म्हणजे जास्त, शेजारी छापलेलं: 40 पर्यंत नॉर्मल. अहो, ते 40 माणसाचे! मर्क व्हेटरनरी मॅन्युअलचा तक्ता उघडा. गायीचा एसजीओटी 60 ते 125, शेळीचा 66 ते 230. म्हणजे कपिला बरोबर मधोमध. साखर 58, पुढे 'एल', म्हणजे कमी. रवंथ करणाऱ्या जनावराची साखर माणसापेक्षा कमीच असते. चारा पोटात आंबून त्याची आम्लं होतात आणि त्यातल्या एकापासून लिव्हर साखर बनवते. सगळ्यात घातक म्हणजे 'एसजीपीटी नॉर्मल'. माणसाचं लिव्हर तपासताना बघतात ते हे दुसरं एन्झाइम. गायीच्या लिव्हरमध्ये हे एन्झाइम मुळातच फार कमी. लिव्हर खरंच बिघडलं तरी हा आकडा गप्प बसू शकतो. तिथे जीजीटी हे वेगळं एन्झाइम बघावं लागते, ते या रिपोर्टात नाहीच. आणि एवढ्यावर टॉनिकच्या तीन बाटल्या आल्या, दलालाशी बोलणीही झाली!

संध्याकाळी चालते? सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) वेगळं न करता रक्त ठेवलं की पेशीच त्यातली साखर खातात, तासाला 5 ते 7 टक्के. वैशाखात गाडीच्या डिक्कीत ठेवलं तर आणखी भरभर. पेशी फुटल्या की एसजीओटी उगाच वाढते.

शेळीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तर माणसाच्या सेटिंगवर करूच नका. तिची तांबडी पेशी माणसाच्या पेशीच्या जेमतेम निम्म्या रुंदीची, मशीन तिला प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारा बारीक कण, समजते.

मामांना सांगितलं, दलालाला नाही म्हणा. दूध का घटलं ते आधी डॉक्टरांना कास चाचपून बघू द्या. रक्त लागलंच तर मी येऊन घेतो, बर्फाचा डबा घेऊन.